हिशेब ऊर्जेचा : गिरणी, बोल्ट आणि मुळशीचं पाणी

गेल्या अंकात मी लिहिलं होतं, की देशाचं उत्पन्न आणि देशात जळणारा कोळसा यांचं नातं नीट समजून घेतल्याशिवाय हवामानबदलावरचं आपलं बोलणं अर्धवट राहतं. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली पाच इथे घेतली आहेत. मी अर्थतज्ज्ञ नाही. भोसरी, चाकण, कुरकुंभ इथल्या कारखान्यांत तीस वर्षं ऊर्जा लेखापरीक्षण केलं. वीज कुठे शिरते, कुठे काम करते आणि कुठे वाया जाते, ते मीटर लावून पाहायचं आणि वहीत मांडायचं. माझी उत्तरंही त्याच वहीतून येतात.

ताई, मी अर्थशास्त्रात एम.ए. करते. सरांनी वर्गात एक आलेख दाखवला. माणशी उत्पन्न वाढतं तसतसा ऊर्जेचा वापरही वाढत जातो, जवळजवळ सगळ्याच देशांत. मग उत्सर्जन कमी करायचं म्हणजे वाढ थांबवायची, असाच त्याचा अर्थ ना? काही जण म्हणतात, ब्रिटनने दोन्ही साधलं. ते खरं आहे का?
— एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

तुझा आलेख खरा आहे. पण तो कशाचा बनलेला आहे, हे मी माझ्या आजोळी पाहिलं. वेल्हे तालुक्यातल्या त्या गावात वीज आली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. घरोघरी दिवे लागले ते नंतर. सगळ्यांत आधी आली पिठाची गिरणी, दहा हॉर्सपॉवरच्या मोटरवर चालणारी. तोवर माझी मामी पहाटे चारला उठून जात्यावर बसायची. गिरणी आली आणि तिची पहाट दोन तासांनी मोकळी झाली. पुढच्याच वर्षी तिने म्हैस घेतली, डेअरीला दूध घालायला लागली आणि थोरल्या मुलीची शाळा सुटता सुटता राहिली. तुझ्या आलेखाच्या सुरुवातीला जी उभी चढण दिसते ना, ती अशा घरांची आहे. ती चढण थांबवा असं सांगायचा अधिकार कुणालाही नाही, असं मी मनापासून मानते.

आता त्याच गोष्टीची दुसरी बाजू बघ. मामीला वीज नको होती, तिला पीठ हवं होतं. हा फरक फार मोठा आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले अमूल्य रेड्डी हेच आयुष्यभर सांगत राहिले. १९८५ साली त्यांनी ब्राझीलचे गोल्डेम्बर्ग, स्वीडनचे योहान्सन आणि अमेरिकेचे विल्यम्स यांच्याबरोबर एक हिशेब मांडला. चांगली उपकरणं वापरली तर माणशी सरासरी एक किलोवॉट ऊर्जेत गरजा भागतात आणि त्यापलीकडेही बरंच काही मिळतं, असा त्याचा निष्कर्ष होता. यात एक किलोवॉट म्हणजे फक्त वीज नाही, गॅस, पेट्रोल सगळं त्यात आलं. उजेड, पीठ, थंड दूध, प्रवास ही माणसाची गरज. ती भागवायला किती इंधन जळतं, हे आपण वापरलेल्या यंत्रावर ठरतं.

जपानचे ऊर्जा-अर्थतज्ज्ञ योइची काया यांनी हा सगळा प्रकार एका गुणाकारात बसवला. लोकसंख्या, माणशी उत्पन्न, एका रुपयाच्या उत्पन्नामागे लागणारी ऊर्जा आणि एका युनिट ऊर्जेमागे निघणारा कार्बन. चार आकडे गुणले की देशाचं उत्सर्जन हाती येतं. पहिले दोन आपल्याकडे वाढत आहेत. म्हणजे खाली खेचायचे ते शेवटचे दोन. वर्गात या चार आकड्यांवर वाद घाला, नुसत्या आलेखावर नको.

भारताचे आकडे घालून बघू. आपण जगाला सांगितलं आहे, की २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जनाची तीव्रता ४५ टक्क्यांनी खाली आणू. भाषणांत आणि बातम्यांत यातला ‘तीव्रता’ हा शब्द गळून पडतो आणि लोकांना वाटतं, उत्सर्जनच ४५ टक्के कमी होणार. तीव्रता म्हणजे एका रुपयाच्या उत्पन्नामागचं उत्सर्जन. २००५ ते २०२० या काळात ती ३६ टक्क्यांनी उतरली, म्हणजे वर्षाला सुमारे तीन टक्के. अर्थव्यवस्था साडेसहा टक्क्यांनी वाढली आणि तीव्रता तीन टक्क्यांनी घटली, तरी एकूण उत्सर्जन वर्षाला तीन टक्क्यांहून थोडं जास्तच वाढतं. या वेगाने ते वीस-बावीस वर्षांत दुप्पट होईल. ठरवल्याप्रमाणे २०७० साली निव्वळ शून्यावर (जितका कार्बन सोडू तितकाच शोषला जाईल, इथवर) यायचं तर तीव्रता उतरण्याचा वेग एक दिवस वाढीच्या वेगाच्या पुढे जावा लागेल. आज तो जवळपास निम्मा आहे.

ब्रिटनचं म्हणणं खरं आहे, पण ते पूर्ण सांगितलं जात नाही. १९९० पासून तिथलं उत्सर्जन जवळजवळ निम्मं झालं आणि त्याच काळात अर्थव्यवस्था मात्र पाऊणपटीहून अधिक वाढली. १८८२ साली लंडनमध्ये कोळशावर चालणारं पहिलं सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झालं होतं. ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफचं केंद्र बंद झालं आणि त्या देशातली कोळशाची वीज संपली. म्हणजे उत्पन्न आणि धूर यांची फारकत होऊ शकते, हे सिद्ध झालं आहे. पण ती झाली कशी? आधी उत्तर समुद्रातला गॅस कोळशाच्या जागी आला, मग पवनचक्क्या आल्या. आणि याच काळात बरेचसे कारखानेही देशाबाहेर गेले. तिथे वापरलं जाणारं पोलाद, कपडे, यंत्रं आता दुसऱ्या देशांच्या चिमण्यांखाली तयार होतात. आयात मालामागचा कार्बन धरला तरी ब्रिटनचं उत्सर्जन घटलेलंच दिसतं, फक्त ती घट बरीच लहान होते. आपण उद्या भोसरी बंद करून बोल्ट बाहेरून मागवले तर पुण्याचा आकडाही छान दिसेल. ती घट मी घट म्हणून मोजणार नाही.

आणखी एक आकडा वहीत लिहून ठेव. भारतात माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, चीनमध्ये आठ टनांहून जास्त, अमेरिकेत चौदाच्या आसपास. जगाची सरासरी पाच टनांच्या जरा खाली. ‘वाढ थांबवा’ हे वाक्य कुणाला उद्देशून आहे, ते दर वेळी विचारत जा.

मावशी, लॉकडाऊनमध्ये आमच्या गच्चीतून सिंहगड एकदम स्वच्छ दिसायचा, असं बाबा सांगतात. तेव्हा प्रदूषण कमी झालं होतं ना? मग दर वर्षी एक महिना लॉकडाऊन का करत नाहीत?
— इयत्ता आठवी, धायरी

गड स्वच्छ दिसायचा हे खरं. पण गड झाकणारी धूळ आणि धूर वेगळे, कार्बन डायऑक्साइड वेगळा. तो डोळ्यांना दिसतच नाही. २०२० मध्ये अख्खं जग थांबलं, तरी वर्षभराचं त्याचं उत्सर्जन जेमतेम पाच-सहा टक्क्यांनी उतरलं आणि पुढच्याच वर्षी पुन्हा चढलं. कारण सगळे घरी बसले तरी घरातला पंखा आणि फ्रिज त्याच कोळशाच्या विजेवर चालत होते. त्या थोड्याशा घटीसाठी किती माणसांचा रोजगार गेला, हे बाबांना विचार. हायवेवरून मुलांना खांद्यावर घेऊन गावाकडे चालत निघालेली माणसं मी पाहिली आहेत. तशी घट आपल्याला नको.

मॅडम, माझं भोसरीत फास्टनरचं, म्हणजे नट-बोल्टचं युनिट आहे. थोडा माल एका व्यापाऱ्यामार्फत जर्मनीला जातो. आता तिकडून दर खेपेला कार्बनचे आकडे मागतात. आमची वीज, गॅस, सगळं. युरोपने शंभर-दीडशे वर्षं कोळसा जाळून श्रीमंत व्हायचं आणि आम्ही वर येऊ लागलो की कर लावायचा, हे पटत नाही. यात आम्ही नक्की काय करायचं?
— एक लघुउद्योजक, भोसरी

तुमचा राग रास्त आहे. हवेत आजवर साठलेल्या कार्बनमध्ये भारताचा वाटा तीन-चार टक्क्यांचा आणि एकट्या अमेरिकेचा जवळजवळ चौथा हिस्सा. हा मुद्दा आपल्या सरकारने जागतिक बैठकांमध्ये ठणकावून मांडला पाहिजे. पण तुमच्या टेबलावर आज जो कागद आहे, त्याचं उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे, म्हणून कामाचं बोलते.

युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं वगैरे मालासाठी सीमेवर कार्बनचा हिशेब मागायला सुरुवात केली. १ जानेवारी २०२६ पासून त्याचे पैसेही लागू झाले. नट-बोल्ट त्या यादीत आहेत. मात्र पोलादी मालासाठी पैसे लागतात ते थेट जळणाऱ्या इंधनाच्या उत्सर्जनावर. तुम्ही महावितरणकडून घेतलेली वीज त्यात धरत नाहीत. म्हणजे तुमच्या शेडमधलं मोजलं गेलंच, तर फक्त हीट ट्रीटमेंटच्या भट्टीतला गॅस. खरा बोजा असतो तुम्ही बोल्टसाठी विकत घेतलेल्या वायर रॉडचा, म्हणजे पोलादी सळईचा. भारतात एक टन कच्चं पोलाद बनवताना सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. भंगार वितळवून बनवलेल्या पोलादाला त्याहून खूप कमी. त्यामुळे पहिलं काम हे, की रॉड देणाऱ्या मिलकडून त्या मालाचा मोजलेला, तपासलेला आकडा लेखी मागा. तो नसला की ठोकळ आकडा लावला जातो आणि ठोकळ आकडा जवळपास नेहमी तुमच्या विरुद्ध जातो. एकट्याने मागून मिल दाद देणार नाही. शेजारच्या चार शेडवाल्यांना बरोबर घ्या.

विजेचा भाग मात्र जर्मनीसाठी नाही, स्वतःसाठी करा. असंच एक युनिट मी पाहिलं होतं, कुठलं ते सांगत नाही. गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी गेले. सगळ्या मशीन बंद, माणूस फक्त वॉचमन. मशीनना दाबाची हवा पुरवणारा कंप्रेसर तेवढा आम्ही चालू केला. आणि त्या शांततेत शेडभर सू-सू आवाज चालू. हवेच्या पाइपांच्या जोडांतून, झिजलेल्या होजमधून, एका कोपऱ्यात कुणी दोन वर्षांपूर्वी काढून नेलेल्या मशीनच्या उघड्या व्हॉल्व्हमधून. मालकाने आयुष्यात हा आवाज ऐकला नव्हता, कारण बोल्टचं डोकं घडवणारी हेडिंग मशीन ठोकत असताना तो ऐकूच येत नाही.

मग कंप्रेसरपाशी घड्याळ लावून बसलो. हवा वापरणारं एकही यंत्र चालू नव्हतं. तरी कंप्रेसर दीड मिनिट लोड घ्यायचा, म्हणजे हवा भरायचा, तीन मिनिटं मोकळा फिरायचा, पुन्हा दीड मिनिट लोड. दीड भागिले साडेचार, म्हणजे कंप्रेसरच्या क्षमतेचा तिसरा हिस्सा गळतीत जात होता. कंप्रेसर पन्नास हॉर्सपॉवरचा, म्हणजे ३७ किलोवॉटचा. त्यातले बारा किलोवॉट निव्वळ गळतीला. दोन पाळ्या, वर्षाचे ३०० दिवस, असे ५७ हजार ६०० युनिट. युनिटला नऊ रुपये धरा, पाच लाखांवर जातात. आपल्या ग्रीडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे ४० टन. वीस भारतीय माणसं वर्षभरात सरासरी जितकं उत्सर्जन करतात, तितकं त्या शेडमधल्या भोकांतून जात होतं.

आणि त्या विद्यार्थिनीनेही हे वाचावं, म्हणून सांगते. या पाच लाखांनी देशाचं उत्पन्न वाढलं का? वीज कंपनीच्या वहीत ते जमा झाले आणि मालकाच्या वहीतून तितकेच वजा झाले. बोल्ट एकही जास्त बनला नाही. ऊर्जा वाढली की वाढ होते असं मानणाऱ्यांना मी नेहमी या शेडबद्दल सांगते. होज, क्लॅम्प, टेफ्लॉन टेप आणि दोन दिवसांची मजुरी मिळून खर्च चाळीस हजारांच्या आत आला.

तुम्हीही येत्या गुरुवारी हेच करा. साबणाचं पाणी, ब्रश आणि घड्याळ, एवढंच लागतं. गळती दहा टक्क्यांच्या आत आणता येते. नंतर दर तीन महिन्यांनी पुन्हा बघावं लागतं, कारण जोड पुन्हा सैल होतात. मग भट्टीकडे वळा. दाराची सील, भिंतीचं इन्सुलेशन, रिकामी तापत ठेवलेली वेळ. तिथला गॅस मोजला गेला, तर वाचलेला गॅस युरोपच्या कागदावरही कमी दिसेल.

एलईडी आले, बिल कमी झालं म्हणून घरात सगळीकडे दिवे. पाच तारांकित एसी घेतला, मग तो रात्रभर चालू. कार्यक्षमतेने वापर वाढतोच, कमी होत नाही, असं माझं निरीक्षण आहे. आपले काय मत?
— एक निवृत्त बँक अधिकारी, कोथरूड

तुमच्यासारखंच निरीक्षण १८६५ साली विल्यम जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने नोंदवलं होतं. वाफेची इंजिनं कमी कोळशात जास्त काम करू लागली, तसा इंग्लंडचा कोळसा कमी न होता वाढला, कारण इंजिन परवडू लागलं आणि सगळीकडे गेलं.

पण सगळीकडे हे सारखं होत नाही. साठ वॉटच्या बल्बचं काम नऊ वॉटचा एलईडी करतो. म्हणून कुणी घरात सहापट दिवे लावलेले नाहीत. उजेडाची भूक भरते. ‘उजाला’ योजनेत २०१५ पासून छत्तीस कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले, त्यातली बचत खरी आहे. जिथे एका खोलीत एकच मिणमिणता बल्ब होता तिथे दुसरा लागला असेल, तर ती वाढ मला हवीच आहे.

एसीचं म्हणणं मात्र मान्य. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २५० गिगावॉटवर गेली. त्या उन्हाळ्यात एसी विकत घेणाऱ्यांत पुणेकरही होते. माझ्या लहानपणी पुण्याची मे महिन्यातली रात्र गच्चीत, गादीवर, पंख्याशिवाय जायची. आता झाडं गेली, काँक्रीट आलं, रात्र तापलेली राहते. म्हणून एसीवाल्यांना दोष द्यायला मन घेत नाही. सेटिंग २६ वर ठेवा आणि सोबत अठ्ठावीस-तीस वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा लावा, जुना पंखा पंच्याहत्तर वॉट खातो. आणि सोसायटीची गच्ची मोकळी असेल तर सौर पॅनेलचा विषय पुढच्या सभेत घ्या. पुण्यात एक किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात.

हे चार युनिट एका मोठ्या गैरसमजासाठीही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. २०२५ मध्ये देशाची निम्मी वीजक्षमता बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-गॅस न जाळणारी झाली, ही बातमी खरी आणि आनंदाची आहे. पण सौरचा एक किलोवॉट दिवसाला चार युनिट देतो, तर कोळशाचा एक किलोवॉट सोळा-सतरा. म्हणून क्षमता निम्मी झाली तरी प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत जवळजवळ तीन चतुर्थांश वाटा अजून कोळशाचाच आहे.

मी मुळशी तालुक्यातल्या शाळेत शिक्षक आहे. धरण आमच्याकडे, वीज मुंबईला गेली. स्वच्छ ऊर्जा, देशाची वाढ हे शब्द ऐकले की आमच्याकडची जुनी माणसं गप्प होतात. मुलांना हा विषय मी कसा शिकवू?
— एक शिक्षक, मुळशी तालुका

सर, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

मुलांना धरणापासूनच शिकवा. मुळा आणि निळा नद्यांचं पाणी तिथे अडवलं. ते पूर्वेकडे पुण्याला न येता बोगद्यातून सह्याद्री उतरून भिऱ्याला पडतं, तिथे १९२७ पासून वीज होते. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. कार्बनच्या हिशेबात ती वीज शून्य. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात गिरणीचं कापड जमा झालं. पण बुडालेली भातखाचरं, देवळं, आंब्याची झाडं कुठल्याच रकान्यात गेली नाहीत. १९२१ साली याच खोऱ्यातले मावळे शेतकरी सत्याग्रहाला बसले, सेनापती बापट त्यांच्यासाठी तुरुंगात गेले. धरण तरीही झालं.

राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची आजची पद्धत बसवणाऱ्यांपैकी एक म्हणजे सायमन कुझनेट्स. त्यांनीच १९३४ साली अमेरिकी संसदेला सांगितलं होतं, की या आकड्यावरून देशाच्या सुखाचा अंदाज बांधता येत नाही. मुलांना हे नाव सांगा. त्यांच्या आजोबांना जे जाणवतं, ते आकडा बनवणाऱ्यालाही जाणवलं होतं, हे त्यांना कळू दे.

मग आजचं उदाहरण घ्या. सौर ऊर्जेला कोळशापेक्षा जास्त उघडी जमीन लागते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत त्यासाठी जमीन विकत न घेता भाड्याने घेतात, वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये, आणि ती वीज आसपासच्या शेतीपंपांनाच दिवसा मिळावी असं ठरलेलं आहे. जमिनीचा मालक मालकच राहतो. शंभर वर्षांपूर्वी तुमच्या खोऱ्यात असा करार कुणी पुढे केला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मुलांना निबंधाला द्या. आणि भाडं मिळतं जमीनमालकाला, तर त्याच जमिनीवर मजुरीला जाणाऱ्या बाईला काय मिळतं, हाही. याचं उत्तर माझ्याकडे नाही. मुलांनी लिहिलेलं पाठवलंत तर पुढच्या अंकात माझ्या जागेवर तेच छापू. संपादकांना मी विचारलं आहे, ते हो म्हणाले.